खणाच्या आतलं पिवळं

रंध्याचा पहिला हात फिरला आणि फळीवरची करडी, कोळिष्टकांनी काळवंडलेली साय गुंडाळत बाजूला पडली. दुसऱ्या हाताला खालून रंग डोकावला. तिसऱ्या हाताला वास आला, आणि मी थांबलो.

मार्चमधली सकाळ होती, पुण्यातल्या घराची मागची बाल्कनी होती, खाली सोसायटीत कुणीतरी पाइपने गाड्या धूत होतं. रंधा तसाच फळीवर ठेवून मी उभा राहिलो. फणसाच्या लाकडाला फणसाचा वास येत नाही. ज्यांनी ते कधी तासलेलं नाही त्यांना हे खरं वाटत नाही. पिकल्या गऱ्यांचा तो अंगावर येणारा गोडवा त्यात कुठेच नसतो. असतो तो एक कोरडा, मंद, किंचित तुरट वास, मळणीनंतर अंगणात रचलेल्या पेंढ्याच्या आसपासचा, आणि त्याच्या अगदी तळाशी कुठेतरी मधाचा एक बारीक धागा. यापुढे मला सांगता येत नाही. बायकोला, मुलीला, तो वास समजावायचा मी किती वेळा प्रयत्न केला आहे, आणि दर वेळी शेवटी एवढंच म्हटलं आहे, की आजीचा खण उघडला की यायचा तो.

आज तो खण इथे नाही, आजीही नाही. तरी वास आला. लाकूड पन्नास वर्षं गप्प राहतं आणि एका पात्याच्या स्पर्शाने बोलायला लागतं.

ही फळी आमच्या कुडाळजवळच्या घरामागच्या फणसाची. मी सात वर्षांचा असताना, 1976 च्या पावसात, एका रात्री ते झाड मुळासकट आडवं झालं. मला त्या रात्रीचं काही आठवत नाही, आठवते ती दुसऱ्या दिवशीची मोकळी जागा, जिथे काल सावली होती आणि आज नुसतं आभाळ. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोड सॉ मिलमध्ये नेऊन चिरून आणलं आणि दीड-दीड इंचाच्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर, मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवल्या. इंचाला एक वर्ष, असा लाकूड सुकण्याचा जुना हिशोब आहे. दोन वर्षं त्या फळ्यांना कुणी हात लावला नाही. अण्णा गणिताचे शिक्षक, त्यांना हिशोब कळत होता, पण वाट बघणं जड जात होतं. मधूनच शिडी लावून ते वर जायचे, फळीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, आणि खाली उतरून सुतार मेस्त्रींना विचारायचे, आता झालं का म्हणून. मेस्त्री विडी विझवत म्हणायचे, "लाकडाक घाई नाय, मास्तरांनू. घाई तुमका असा."

घाई होती हे खरं. कारण त्याच दोन वर्षांत आजीचे डोळे जात होते.

काचबिंदू होता. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची एवढंच, आणि आमच्या ध्यानात आलं तोवर सांभाळायला फार उरलं नव्हतं. आधी कडेचं जग गेलं. वाटेतल्या तांब्याला तिचा पाय लागायचा, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, आणि समोर बसलेल्या माणसाचे नाक-डोळे ती नीट सांगायची, म्हणून आम्हाला वाटायचं की वय झालं, चालताना लक्ष नसतं. ती मात्र कुणाला काही न सांगता घर पाठ करत होती. हे मला फार नंतर समजलं. दुपारी सगळे निजले की ती भिंतीला तळवा टेकून ओटीपासून माजघरापर्यंत, माजघरातून पडवीत, पडवीतून न्हाणीपर्यंत जायची आणि परत यायची. आम्हाला वाटायचं, शतपावली करते. उजेड असेतोवर ती अंधाराची तयारी करत होती.

एका संध्याकाळी अण्णा तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, हात दे तुझा." तिने दिला. त्यांनी तिची बोटं ताणून पट्टीवर ठेवली आणि वीत मोजली. साडेसात इंच. मग तिला बाजेवर आडवं व्हायला सांगितलं, आणि झोपल्या जागेवरून तिचा उजवा हात, खांदा न उचलता, कुठवर जातो ते जमिनीवर खडूने आखलं. ते खडूचं अर्धवर्तुळ आठ दिवस तसंच होतं. केर काढताना आई ते सोडून केरसुणी फिरवायची.

त्या अर्धवर्तुळाच्या आत बसेल असं काहीतरी त्यांना करायचं होतं.

1978 ची मे महिन्याची सुट्टी. पडवीत मेस्त्रींनी आपली पेटी उघडली आणि अण्णा त्यांच्यासमोर, शाळेतल्या मुलासारखे, मांडी घालून बसले. करवत, रंधा, पटाशा, गुण्या, गिरमिट. निसणा, आणि त्यावर ओतायला नारळाच्या करवंटीतलं पाणी. माझी जागा त्या दोघांच्या मधे, भुशात. पडवीचं छप्पर नळ्यांचं, त्यात कुठे कुठे काच बसवलेली, तिच्यातून अकराच्या सुमाराला उन्हाची एक तिरपी पट्टी आत यायची आणि उडणारा भुसा तिच्यात पिवळा होऊन तरंगायचा. फणसाचा भुसा खरोखरच पिवळा असतो, हळदीच्या अंगाचा. बौद्ध भिक्षू या लाकडाचा गाभा उकळून त्या रंगात आपली चीवरं बुडवत आले आहेत, हे मी पुढे वाचलं तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. तंजावरची वीणा याच लाकडाची असते याचंही नाही. त्या मे महिन्यात माझे केस, पापण्या, हातावरची लव, सगळं त्या रंगाचं झालं होतं, आणि रात्री आई मला चुलीजवळ उभा करून पंच्याने झाडायची तेव्हा पिवळी धूळ निखाऱ्यांवर पडून त्या वासाची एक वेगळीच, भाजलेली छटा घरभर पसरायची.

मेस्त्री बोलायचे कमी. बरंचसं ते अण्णांचा हात धरून दाखवायचे. फळीच्या अंगावरून बोटं एका दिशेने फिरवायची, मग उलट. एका बाजूने मांजराच्या पाठीसारखी मऊ लागते, दुसऱ्या बाजूने नख अडतं. मऊ बाजूने रंधा मारला की साल लांबच लांब, कुरळी, सळसळत निघते, उलटा मारला की लाकूड उपटतं. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत मात्र आयुष्यभर हलतं, पावसात फुगतं, चैत्रात आकसतं, म्हणून खणाची तळफळी चारी बाजूंनी चिकटवून टाकायची नाही, खोबणीत नुसती सरकवायची, तिला श्वासापुरती जागा ठेवायची. इंचाचे आठ सूत, आणि अर्ध्या सुताची चूकसुद्धा सांध्यात दिसते. पण मेस्त्रींच्या तोंडून मी आकडा क्वचितच ऐकला. ते बोट ठेवायचे, मूठ ठेवायचे, सूत ताणून टिचकी मारायचे, आणि पडलेल्या रेघेकडे बघून मान हलवायचे. सुतार या शब्दातच ते सूत आहे.

सहा खण झाले. दोन रांगा, तीन-तीन. खणांची तोंडं आजीच्या वितीच्या हिशोबाने, एकावर अंगठा ठेवला की करंगळी शेजारच्यावर पोचावी अशी. उंची बाजेइतकी. पाय जाड, बुटके, जेणेकरून अंधारात धक्का लागला तरी डगमगू नये, आणि पायांच्या तळांना काजूच्या टरफलाचं तेल, वाळवीसाठी. ते तेल हाताला लागलं की कातडी भाजते, म्हणून मेस्त्रींनी मला तेवढा वेळ अंगणात पिटाळलं.

राहिल्या मुठी. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी फळं, बाहुल्या करणारे लोक पिढ्यानपिढ्या आहेत, तिथे लेथवर सहाही मुठी एका तासात मिळाल्या असत्या, गुळगुळीत, लाखेच्या रंगाने चमकणाऱ्या. अण्णांनी त्या घेतल्या नाहीत. त्यांना सहा एकसारख्या मुठी नकोच होत्या. शिवणीच्या लाकडाचे तुकडे घेऊन, दिव्याजवळ बसून, सहा रात्री त्यांनी चाकूने सहा मुठी कोरल्या. एक सुपारी. एक काजू, त्याच्या बाकासकट. एक कोयरी. एक चिंचोका, चपटा आणि चौकोनी. एक करवंद, सगळ्यात लहान. आणि सहावी नुसतीच गोल होती, पण तिला मधोमध एक आडवी चीर होती, नखाला लागेल अशी.

पेटारा बाजेशी मांडला त्या दिवशी आजी बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत बसली. वरची फळी, कडा, पाय. मग मुठी. काजू हातात आला तेव्हा ती हसली. "मेल्या, काजूगर काढायचा विसरलास की," असं अण्णांना म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळं लागलं. सुपारीच्या खणात अडकित्ता, सुपारी, चुना-तंबाखूची चंची. काजूच्या खणात पैशांचा बटवा आणि लोकांच्या पत्रांचा गठ्ठा, जी ती वाचू शकत नव्हती पण कुठलं कुणाचं ते घडीवरून ओळखायची. कोयरीत फणी, खोबरेलाची बाटली. चिंचोक्यात औषधं. करवंदात तपकिरीची डबी. आणि चिरेच्या खणात कापूस आणि वाती. घरातल्या देवाच्या वाती वळायचं काम तिचं होतं, आणि डोळे गेल्यावर तर ते पूर्णपणे तिचंच झालं, कारण त्याला डोळे लागत नाहीत. मांडीवर राख चोळलेल्या बोटांनी ती वळत राहायची, आणि प्रत्येक वात अगदी एका मापाची.

तिथून तो वास तयार झाला. नुसतं फणसाचं लाकूड नव्हे, लाकूड अधिक खोबरेल अधिक कापूस अधिक तपकीर, बंद राहिलेला, मुरलेला. खण ओढला की आधी तळफळीचा एक हलका घासल्याचा आवाज, मग तो वास, मग आतलं पिवळं. बाहेरून पेटारा हळूहळू बदलत गेला. या लाकडाला उजेड लागला की त्याचं पिवळेपण टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत मधासारखं होतं, मग तपकिरी, आणि जिथे रोजचा हात लागतो तिथे लालसर, झळाळतं काळं. पण खणाच्या आत उजेड कुठे? आत ते मे महिन्यातलंच राहिलं. मी कितीदा केवळ ते पाहायला खण उघडत असे. बाहेर म्हातारं झालेलं लाकूड, आणि आत ही कोवळीक.

पेटाऱ्यापाठोपाठ घर बदललं. अण्णांच्या हाताला आता चटक लागली होती, आणि शाळा सुटली की ते पडवीत असायचे. भिंतीला धरून एक लांब पट्टी झाली, बाजेपासून न्हाणीपर्यंत, आणि जिथे पायरी यायची त्याच्या दोन विती आधी पट्टीच्या खालच्या अंगाला एक खाच. डोळसाला ती दिसायचीसुद्धा नाही. आजीची बोटं पट्टीखालून सरकत यायची, खाचेपाशी थबकायची, आणि पाय आपोआप जपून पडायचा. जेवायच्या पाटाला एका बाजूला छोटासा खळगा केला, तो उजव्या मांडीशी आला की पाट सरळ आणि तांब्या कुठे ते ठरलेलं. खुंटाळं झालं, माणसागणिक खुंटी, माझी सगळ्यात खाली. आणि एक नियम झाला, जो कुणी मोठ्याने कधी सांगितला नाही पण सगळे पाळायचे: घेतलेली वस्तू जिथून घेतली तिथेच, त्याच बाजूने, तशीच. केर काढायला हलवलेलं स्टूलसुद्धा परत त्याच फरशीवर. आमच्याकडे आलेले पाहुणे म्हणायचे, किती टापटीप आहे हो घर. आईला त्याचं काय उत्तर द्यावं कळायचं नाही. ती नुसतं हसायची. त्या टापटिपीला बघणारे डोळे नकोच होते, ती एका हातासाठी होती.

आणि तो हात मी एकदा रिकामा परत पाठवला.

नऊ वर्षांचा होतो. जिंकलेल्या गोट्या होत्या माझ्याकडे, मोठ्या भावाच्या नजरेपासून लपवायच्या होत्या. दुपारी आजी निजलेली असताना मी चिरेचा खण उघडला, वाती आणि कापूस काढून माजघरातल्या फडताळात कोंबला, आणि गोट्या आत ठेवल्या. संध्याकाळी काढून घेऊ असं मनात होतं. खेळात विसरलो. दिवेलागणीला दारातून आत येतो तर आजी पेटाऱ्यापाशी बसलेली. तिने चीर नखाने चाचपली, खण ओढला, हात आत घातला. मी दाराआडच थांबलो. तिच्या बोटांना गोटी लागली. तिने ती उचलली, दोन बोटांत फिरवली, परत ठेवली. आणि मग तिने बाकीचे पाच खण एकामागून एक उघडले. वाती तिथे नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी उघडले. सुपारी, काजू, कोयरी, चिंचोका, करवंद. प्रत्येकात हात फिरवला, प्रत्येक सावकाश बंद केला. मग हात पेटाऱ्यावर ठेवून नुसती बसून राहिली. तिने कुणाला हाक मारली नाही.

तो हात. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं आहे, पण अंधारात शांतपणे चाचपणारा आणि कुठेच न पोचणारा तो हात माझ्यातून गेलेला नाही.

देवघरातून आईने विचारलं, "वाती देता ना?" आजी म्हणाली, "आज कालच्याच वातीवर लाव गं. बरीच उरली आहे ती."

रात्री मी वाती जागच्या जागी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला जवळ बोलावलं, माझी ओंजळ पुढे घ्यायला लावली आणि तीत गोट्या ओतल्या. "अकरा आहेत. मोजून घे." एवढंच. त्याच आठवड्यात अण्णांनी उरलेल्या फणसाच्या तुकड्यांची एक छोटी पेटी केली, माझ्या अंथरुणाच्या उशाला, खालच्या बाजूला, आणि तिला मूठ म्हणून एक लाकडी गोटी. मला वाटलं, आता कान धरतील. पण ते म्हणाले, "आई म्हणाली, पोराला एक खण कर. त्याच्या वस्तूंना या घरात जागाच नाही." आणि मग, जरा थांबून, "माझ्या लक्षातच आलं नव्हतं रे."

त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता. नऊ वर्षांच्या मुलाला तो ऐकू आला, कळला मात्र नाही. मी रडलो, आणि का रडतोय हे मला सांगता आलं नाही.

पावसाची एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंती ओल धरतात, मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, आणि लाकूड पाणी पिऊन जाड होतं. मे महिन्यात बसवलेला खण जुलैत निघत नाही. मेस्त्रींनी खणाच्या दोन्ही बाजूंना एकेक पोस्टकार्ड घालून अंदाज घेतला होता, कार्ड अलगद सरकलं पाहिजे, एवढी फट उन्हाळ्यात ठेवायची म्हणजे पावसात खण जेमतेम चालतो. कडांना मेणबत्ती घासायची. पाच खण त्या पहिल्या जुलैत सुरळीत चालले. कोयरीचा अडकला. अण्णा रंधा घेऊन धावले, पण आजीने त्यांना तो तासू दिला नाही. "असू दे. तो अडला की मला कळतं बाहेर पाऊस किती मुरलाय ते." आजही, कुडाळच्या घरात, कोयरीचा खण जुलैत अडतो. भाऊ फोनवर सांगतो, आणि इथे पुण्यात मला गावाकडचा पाऊस कळतो.

आजी गेली 1989 मध्ये. मी तेव्हा पुण्यात होतो.

पुण्यात माझं आयुष्य कागदांच्या नोकरीत गेलं, पण हातांनी आपली वाट सोडली नाही. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात मी रविवारी जायचो, बल्लारशाचा साग, दांडेलीचा साग, जुन्या वाड्यांच्या उतरवलेल्या तुळया, सगळ्यांचा वास घेत हिंडायचो. सागाचा वास तेलकट, चामड्याच्या अंगाचा, श्रीमंत. मला तो आवडतो, त्याचं काम सोपं जातं, तो फारसा हलत नाही, रुसत नाही. मुलीसाठी अभ्यासाचं बसकं डेस्क केलं, बायकोच्या शिलाई मशीनशेजारी दोरेरिळांची उभी मांडणी केली, वाटीपासून परातीपर्यंत भांड्यांची मापं घेऊन ओट्याखालची फळी केली. लहान वस्तूच करत आलो. कपाट, पलंग कधी केला नाही. मोठ्या फर्निचरला खोलीचं माप घ्यावं लागतं, लहानाला माणसाचं. मला दुसरं तेवढं येतं.

अण्णा आता 87 वर्षांचे आहेत आणि तीन वर्षांपासून आमच्याकडे आहेत. डोळे उत्तम. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, चुका काढतात. थरथरतात ते हात. ज्या हातांनी चाकूने करवंद कोरलं त्यांना आता गोळीच्या पाकिटातून गोळी निघत नाही, निघाली तर घरंगळते, पेला ओठांपर्यंत येईतो अर्धा सांडतो. चिमटीत काही धरायचं म्हटलं की कंप वाढतो, तळव्याने, सगळ्या हाताने धरलं तर कमी होतो. हे त्यांनीच मला सांगितलं. रडतखडत नव्हे, गणित मांडावं तसं.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा गोठ्याचा माळा उतरवायला काढला होता. कोपऱ्यात, मधे पट्ट्या घालून, तीन फळ्या. अण्णांनी तेव्हा ठेवल्या होत्या, लागतील म्हणून. गाडीच्या टपावर बांधून मी त्या फोंडा घाटातून वर आणल्या. लगेच हात नाही लावला. कोकणातल्या हवेत जन्म काढलेलं लाकूड, इथल्या कोरड्या हवेत एकदम कापलं की तडकतं. पाच महिने त्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या, घरातल्या माणसासारख्या, आणि येता-जाता अण्णा पेराने त्यांच्यावर टकटक करायचे.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "अण्णा, हात द्या तुमचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग हात पुढे केला. तो माझ्या हातात थरथरत राहिला, पकडलेल्या पाखरासारखा, आणि पट्टीवर वीत मोजणं काही जमेना, तेव्हा मी माझा दुसरा तळवा त्याच्यावर ठेवला आणि दोघं तसेच बसून राहिलो. आठ इंच आणि दोन सूत.

आराखडा आम्ही दोघांनी केला. पेन्सिल माझ्या हातात, बोलणं त्यांचं. मुठी नकोत, मूठ धरायला चिमटी लागते. त्याऐवजी खणाच्या दर्शनी फळीच्या वरच्या कडेला आतून पूर्ण रुंदीचा पन्हळ, चारही बोटं एकदम आत जाऊन ओढतील असा. वरच्या फळीला चारी बाजूंनी अर्ध्या इंचाचा कठडा, म्हणजे गोळी कितीही घरंगळली तरी कडेला थांबेल. पेल्यासाठी खोलगट गोल, त्यात पेला बसला की कोपराचा धक्का लागला तरी कलंडू नये. खणाला मागून अडसर, ओढून ओढून पुरता बाहेर येऊन पायावर पडू नये म्हणून. "आणि एक खण खाली," ते म्हणाले, "जमिनीलगत. रिकामा ठेव."

"तो कशाला? तुम्हाला तिथवर वाकवणार नाही."

"मला नको. रविवारी येतो ना तो." तो म्हणजे माझ्या मुलीचा मुलगा, तीन वर्षांचा. "त्याची उंची मोज आधी."

तेव्हापासून सकाळी मी बाल्कनीत असतो आणि ते दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. मेस्त्रींच्या वेळी सरस शिजायचा, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या भांड्यात, त्याचा उग्र, जनावरी वास पडवीभर व्हायचा, मी आता पांढरा फेव्हिकॉल वापरतो, ज्याला काहीच वास नाही, आणि अण्णांना ते खटकतं. सरसाचा सांधा ऊब दिली की सुटतो, पुढे कुणाला दुरुस्त करायचा झाला तर करता येतो, असं त्यांचं म्हणणं. मी तीन ठिकाणी नुसतं कुसू आणि खोबण ठेवली, वरून बांबूची खुंटी ठोकली, चिकटवलं काहीच नाही. ते खूश झाले. मी कड तासून झाली की फळी त्यांच्या मांडीवर नेऊन देतो. त्यांचा अंगठा कडेवरून फिरतो, थरथरतच फिरतो, आणि कुठेतरी थांबतो. "इथे." मी बघतो तर काही दिसत नाही. मी बोट फिरवतो तर काही लागत नाही. काचकागद घेऊन तिथे चार हात मारतो, आणि मग बोटाला कळतं, की होतं काहीतरी.

बाहेरून चपड्याचं पॉलिश केलं, स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने, पातळ पातळ हातांनी. आतून काही नाही. "आत लाकूडच असू दे," असं अण्णा म्हणाले, आणि मला ते सांगायची गरज नव्हती.

मागच्या शनिवारी ते त्यांच्या पलंगाशी मांडलं. वरच्या खणात गोळ्या, मी कात्रीने एकेक सुटी करून ठेवलेल्या. मधल्यात चष्मा, रुमाल, हिशोबाची वही. खालच्या खणात रविवारी एक निळी मोटार आणि दोन बाटल्यांची झाकणं येऊन पडली, आणि संध्याकाळी घरी जाताना पोराने तो स्वतः बंद केला, दोन्ही तळव्यांनी ढकलून. तो गेल्यावर अण्णा वरचा खण अर्धा ओढून, मान खाली घालून, जरा वेळ तसेच बसले होते. मी दारातून पाहिलं आणि आत गेलो नाही.

काल रात्री मला जाग आली. दोन वाजून गेले असतील. त्यांच्या गोळीची वेळ. एरवी या वेळी त्यांच्या खोलीत दिवा लागतो, मग पाकिटाची कुरकुर, मग गोळी फरशीवर पडल्याचा तो बारीक आवाज, आणि मी उठून जातो. काल दाराखाली उजेड आला नाही. मी अंथरुणात उठून बसलो. तेवढ्यात ऐकू आला तळफळीचा घासल्याचा आवाज, हलका, लाकडावर लाकूड. थोडी शांतता. मग पेला खोलगटात परत बसल्याचा एक ठोका.

मग खण बंद झाला. अंधारातच.